फाईल आली, पण पूर्ण आली का?

फोल्डरमध्ये फोटो टाकला की तो आपोआप क्लाउडवर जातो. स्कॅनरमधून कागद निघतो न निघतो तोच त्याची नोंद झालेली असते. डाउनलोड संपलं की अँटिव्हायरस ती फाईल तपासून मोकळाही होतो. या सगळ्यामागे एकच साधी कल्पना आहे. कुणीतरी त्या फोल्डरवर डोळा ठेवून बसलेलं असतं आणि नवी फाईल दिसली की कामाला लागतं.

याच व्यवस्थेत काही प्रकार मात्र डोकं चक्रावून टाकतात. फोटो उघडावा तर वरचा अर्धा ठीक आणि खालचा अर्धा राखाडी. 'ही फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' असा संदेश येतो आणि पुन्हा प्रयत्न केला की काम होऊन जातं. एकाच कागदाची नोंद दोनदा होते. कधी फाईल फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर असते, पण तासभर तिला कुणी हात लावत नाही. लोक नेटवर्कला दोष देतात, संगणक बंद करून पुन्हा चालू करतात, नाहीतर 'माझंच काहीतरी चुकलं' म्हणून गप्प बसतात. खरं कारण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं: 'फाईल आली' या सूचनेचा अर्थ प्रोग्रॅमने 'फाईल पूर्ण झाली' असा घेतलेला असतो.

मी एकदा अशीच एक व्यवस्था सांभाळत होते. रोज रात्री एका फोल्डरमध्ये साठ्याची फाईल यायची. साधीच, प्रत्येक ओळीत एक वस्तू आणि स्वल्पविरामानंतर तिची संख्या. कित्येक महिने सगळं सुरळीत चाललं. एका रात्री नेटवर्क मंद होतं. आमच्या प्रोग्रॅमने फाईल दिसताच उघडली, तोवर जेवढी उतरली होती तेवढी वाचली आणि 'काम पूर्ण' अशी नोंद केली. त्याने वाचलेल्या शेवटच्या ओळीत संख्या होती ४८. मूळ फाईलमध्ये त्या जागी ४८५० होते. पुढचे दोन आकडे अजून तारेतच होते. प्रोग्रॅमने कुठलीही तक्रार केली नाही, कारण तक्रारीला जागाच नव्हती. ४८ ही संख्या म्हणून अगदी बरोबर आहे. त्या ओळीखालच्या हजारो वस्तू त्या दिवशी आमच्या लेखी अस्तित्वातच नव्हत्या आणि हे कळायला दोन दिवस लागले.

फोल्डरवर नजर ठेवायची कशी?

यासाठी दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे फेरी मारणं. दर मिनिटाला फोल्डरमधल्या फाईलींची यादी करायची, मागच्या यादीशी ताडून बघायची आणि जे नाव नवं दिसेल ती नवी फाईल. सोपी पद्धत आहे, पण फोल्डरमध्ये लाखभर फाईली असतील तर प्रत्येक फेरी जड होते. शिवाय दोन फेऱ्यांच्या मध्ये आलेली आणि लगेच गेलेली फाईल दिसतच नाही.

दुसऱ्या पद्धतीत हे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवतात. फाईल कुठलीही असो, ती लिहिली जाते ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातूनच. तेव्हा तिलाच सांगून ठेवायचं, 'या फोल्डरमध्ये काही घडलं तर मला कळव.' ती जी सूचना पाठवते तिला इव्हेंट म्हणतात. लिनक्समध्ये हे काम आयनोटिफाय करतं. ते २००५ साली कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१३ या आवृत्तीत आलं. मॅकमध्ये एफएसइव्हेंट्स २००७ पासून आहे. विंडोजमध्ये ही सोय विंडोज एनटीच्या काळापासून आहे आणि डॉटनेटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम लिहिण्याच्या चौकटीवर, काम करणारे ती 'फाईलसिस्टिमवॉचर' या नावाने ओळखतात.

मग 'नवी फाईल' ही सूचना नेमकी कधी येते?

सगळी गोम इथे आहे. ही सूचना फाईलच्या जन्माच्या क्षणी येते. त्या क्षणी फाईलला नाव मिळालेलं असतं आणि तिच्यात एक अक्षरही नसतं. आकार बहुधा शून्य. त्यानंतर मजकूर तुकड्यातुकड्याने उतरत जातो. लहान फाईल डोळ्याचं पातं लवायच्या आत पूर्ण होते, मोठ्या व्हिडिओला कित्येक मिनिटं लागतात.

रेल्वे स्टेशन आठवा. इंजिनाचं नाक फलाटाला लागलं की गाडी 'आली'. पण त्याच क्षणी कुणी डबे मोजायला घेतले तर त्याला एकच डबा दिसेल आणि 'आज गाडीला एकच डबा होता' असं तो लिहून ठेवेल. त्याने बघितलं ते खोटं नव्हतं, बघितलं वेळेआधी एवढंच.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमवर ठपका ठेवता येत नाही. ती जे घडलं तेच सांगते. फाईलमध्ये आणखी किती मजकूर यायचा आहे हे तिलाही ठाऊक नसतं. ते फक्त लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ठाऊक असतं. हा मुद्दा धरून ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघतं.

अर्धी फाईल उघडताना लक्षात येत नाही का?

कधी येतं, कधी नाही. झिप फाईलची अनुक्रमणिका तिच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे अर्धी झिप नीट उघडत नाही. पीडीएफमध्येही कुठला भाग कुठे आहे याचा तक्ता सहसा शेवटी असतो. एमपीफोर व्हिडिओची माहितीही पुष्कळदा शेवटीच लिहिली जाते. अशा फाईली अर्ध्या असल्या तर निदान आरडाओरडा करतात.

जेपीईजी फोटो नेहमीच्या पद्धतीत वरून खाली उलगडत जातो, म्हणून तो अर्धा दिसतो आणि उरलेली जागा राखाडी राहते. माणसाच्या लक्षात येतं, प्रोग्रॅमच्या बहुधा नाही.

सर्वांत धोकादायक म्हणजे साध्या मजकुराच्या फाईली. त्यांना 'संपलं' अशी खूण नसते. जिथे तुटेल तिथे शेवट. माझ्या ४८ ची गोष्ट तीच. आणि व्यवहारात एका संगणकातून दुसऱ्यात आकडे न्यायला आजही सर्रास याच फाईली वापरतात.

थोडं थांबून वाचलं तर?

पहिल्यांदा सगळ्यांना हेच सुचतं, मलाही सुचलं होतं. सूचना आली की पाच सेकंद थांबायचं आणि मग उघडायचं. चाचणीत हे दरवेळी चालतं, कारण चाचणीची फाईल छोटी असते आणि शेजारच्याच डिस्कवरून येते. पाच सेकंद पुरणार नाहीत असा दिवस उजाडतोच. तो कधी, हे मात्र आधी कळत नाही.

दुसरा उपाय सुचतो तो आकार बघण्याचा. दोनदा मोजायचा, वाढला नसेल तर फाईल पूर्ण झाली असं समजायचं. हे जरा बरं, पण यात दोन खड्डे आहेत. नेटवर्क मधेच अडखळलं तर आकार मिनिटभरही जागचा हलत नाही, फाईल मात्र अर्धीच असते. दुसरं म्हणजे विंडोजमध्ये मोठी फाईल कॉपी होताना पुष्कळदा पूर्ण आकाराची जागा आधीच राखून ठेवली जाते. आकार पहिल्या क्षणापासून पूर्ण दिसतो आणि आतला मजकूर मागाहून भरला जातो. नव्या इमारतीवर मजल्यांची संख्या बाहेरून मोजता येते, आत भिंती झाल्यात की नाही ते कळत नाही.

मग फाईल दुसऱ्या कुणी धरून ठेवली आहे का ते तपासायचं? विंडोजवर याचा उपयोग होतो. लिहिणाऱ्याने फाईल धरलेली असेल तर तिच्यावर पूर्ण ताबा मागणाऱ्याला सहसा नकार मिळतो. 'दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' हा संदेश म्हणजे हाच नकार. चांगला प्रोग्रॅम तो निमूटपणे ऐकतो, थोड्या वेळाने पुन्हा विचारतो आणि तेव्हाही नकार मिळाला तर आणखी जास्त वेळ थांबतो. लिनक्सवर मात्र लॉक, म्हणजे फाईल धरून ठेवल्याची खूण, हा साधारणपणे आपसांतला करार असतो. दोघांनी पाळला तरच त्याला अर्थ. लिहिणाऱ्याने लॉक लावलाच नसेल तर वाचणाऱ्याला दार सताड उघडं मिळतं.

लिनक्समध्ये एक जास्त नेमकी सूचना आहे: लिहिण्यासाठी उघडलेली फाईल बंद झाली की येणारी. 'फाईल तयार झाली' ऐवजी ही ऐकावी, असा सल्ला जाणकार देतात आणि तो योग्यच आहे. लिनक्सवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम लिहीत असाल तर सुरुवात इथूनच करा. तरी एक गोष्ट विसरू नका. लिहिणारा प्रोग्रॅम मधेच कोलमडला तर त्याच्या उघड्या फाईली ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः बंद करते, आणि तेव्हाही हीच सूचना येते. अपलोड करणाऱ्याची जोडणी तुटली की सर्व्हरवरची अर्धवट फाईल बंद होते. सूचना तीच. 'बंद झाली' म्हणजे 'पूर्ण झाली' असंही नाही.

खात्रीचा मार्ग: दुसऱ्या खोलीत तयार व्हा

इतके उपाय करूनही शंका उरतेच, कारण आपण बाहेरून आतलं ओळखू पाहतोय. पूर्ण झालं की नाही हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक आहे, तर त्यानेच सांगावं. त्याची सर्वांत सुंदर रीत म्हणजे रिनेम, नाव बदलणं.

लिहिणाऱ्याने फाईल आधी वेगळ्या नावाने किंवा शेजारच्या फोल्डरमध्ये लिहायची. पूर्ण झाली, बंद केली, की मगच तिला खरं नाव द्यायचं किंवा पहाऱ्यातल्या फोल्डरमध्ये सरकवायचं. एकाच डिस्कच्या एकाच विभागात रिनेम करताना मजकूर हलत नाही, फक्त पाटी बदलते. हे एका झटक्यात होतं. बघणाऱ्याला फाईल एकतर दिसतच नाही किंवा पूर्ण दिसते, मधली अवस्था नाहीच. नाटकात पात्राचा वेश विंगेत चढतो आणि प्रेक्षकांना ते सजलेलंच दिसतं, तसं.

तुम्ही हे रोज बघता. क्रोममध्ये डाउनलोड चालू असताना फाईलच्या नावाला 'सीआरडाउनलोड' असं शेपूट असतं, फायरफॉक्समध्ये 'पार्ट' असतं. डाउनलोड संपलं की शेपूट गळतं. आरसिंक हा फाईली पोचवणारा प्रोग्रॅमसुद्धा आधी ठिपक्याने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहितो आणि शेवटी खरं नाव देतो. मेलसाठी डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात क्यूमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसोबत मेलडिर नावाची रचना आणली, तिच्यात तीन फोल्डर आहेत: 'टेंप', 'न्यू' आणि 'कर' (करंट). पत्र 'टेंप'मध्ये पूर्ण लिहायचं, मग 'न्यू'मध्ये सरकवायचं, वाचणाऱ्याने नव्या पत्रांसाठी फक्त 'न्यू' बघायचं. कुठलंही लॉक नाही, तरी अर्धं पत्र कुणाच्या हाती पडत नाही. इतकी कमी यंत्रणा वापरून इतका पक्का बंदोबस्त मी क्वचितच पाहिला आहे.

एक अट मात्र काटेकोर पाळायला हवी. दोन्ही फोल्डर एकाच विभागात असले पाहिजेत. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर 'हलवणं' म्हणजे प्रत्यक्षात कॉपी करून मूळ पुसणं, म्हणजे पुन्हा तुकड्यातुकड्याने लिहिणं आलंच. आणि या मार्गाने जाताना पहारेकऱ्याला 'नवी फाईल'सोबत 'इथे सरकवलेली फाईल' ही सूचनाही ऐकायला सांगा. अनेक प्रोग्रॅम फक्त पहिली ऐकतात, आणि सगळ्यांत व्यवस्थित पाठवलेली फाईलच त्यांच्याकडून सुटते.

पाठवणारा आपलं ऐकणारा नसेल तर?

पुष्कळदा तो दुसऱ्या संस्थेचा असतो, जुनाट असतो, किंवा एखादं यंत्रच असतं. तरी निदान खुणेची फाईल मागून बघा. मुख्य फाईल पाठवून झाली की त्याच नावाची, पण वेगळं शेपूट असलेली एक छोटी फाईल पाठवायची, ती दिसेपर्यंत मुख्य फाईलला हात लावायचा नाही. फक्त मधे एखादा सिंक करणारा, म्हणजे दोन ठिकाणच्या फाईली जुळवणारा, प्रोग्रॅम असेल तर क्रमावर विसंबू नका. छोटी फाईल लवकर पोचते, मोठी मागे राहते. म्हणून खुणेच्या फाईलमध्ये मुख्य फाईलचा आकार आणि चेकसम लिहिलेला असावा. चेकसम म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. मजकुराच्या फाईलमध्ये शेवटची ओळ 'एकूण इतक्या नोंदी' अशी असली तरी मोठं काम होतं. आमच्याकडे पुढे हीच ओळ मागून घेतली. त्यानंतर फाईल अर्धी असली की प्रोग्रॅम ती नाकारायला लागला.

यातलं काहीच मिळणार नसेल तर अंदाज आलाच. मग तो एकावर न ठेवता अनेकांवर ठेवा: आकार बराच वेळ स्थिर आहे का, फाईल ताब्यात मिळते का, आतून उघडून तपासता येते का. आणि तरीही चूक होईल असं धरून चला. जी फाईल नीट वाचता आली नाही ती पुसू नका, 'अडलेल्या' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि माणसाला कळवा.

एका फाईलच्या चार सूचना, आणि कधी एकही नाही

आता 'दोनदा नोंद' आणि 'कुणी हातच लावत नाही' या तक्रारींकडे येऊ.

फाईल लिहिली जात असताना 'तयार झाली', 'बदलली', 'बदलली', 'बंद झाली' अशी रांगच येते. दस्तऐवज सेव्ह करताना अनेक एडिटर नवी तात्पुरती फाईल लिहितात, जुनी बाजूला करतात आणि नवीला जुन्याचं नाव देतात. तुमच्या लेखी एकदा सेव्ह, पहारेकऱ्याच्या लेखी जन्म, नामांतर आणि मृत्यू. शिवाय वर्डची '~$' ने सुरू होणारी फाईल आणि लिब्रेऑफिसची लॉकची फाईल अधूनमधून डोकावत असतात, त्यांना वगळावं लागतं. म्हणून सूचना आली की लगेच धावायचं नसतं. त्याच फाईलच्या सूचनांचा ओघ थांबेपर्यंत थांबून एकदाच काम करायचं असतं. सिंकथिंग हा फाईली जुळवणारा प्रोग्रॅम, तुम्ही काही बदललं नसेल तर, अशा बदलांसाठी १० सेकंद थांबतो.

उलट बाजूने, सूचना हरवतातही. त्या वाचून होईपर्यंत रांगेत राहतात आणि रांगेला मर्यादा असते. आयनोटिफायमध्ये ही मर्यादा मुळात १६,३८४ सूचनांची आहे. डॉटनेटच्या पहारेकऱ्याला सुरुवातीला ८ केबी जागा मिळते. वीस अक्षरी नावं धरली तर दीडशेच्या आसपास बदलांत ती भरते. कुणी हजार फोटो एकदम ओतले की पुढच्या सूचना गळतात. 'रांग ओसंडली' एवढी एक सूचना मिळते, आणि ती ऐकायचं अनेक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मनातही येत नाही.

आणखी एक फट आहे. आयनोटिफायचा पहारा फक्त त्या एका फोल्डरवर असतो, आतल्या फोल्डरांवर नसतो. नवा आतला फोल्डर तयार झाल्याची सूचना येते, प्रोग्रॅम तिथे पहारा बसवायला जातो, आणि तेवढ्यात तिथे दोन फाईली येऊनही गेलेल्या असतात. त्यांची सूचना कुणालाच मिळत नाही. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या संगणकाने केलेले बदल तर आयनोटिफायला कळतच नाहीत. आणि प्रोग्रॅम बंद असताना आलेल्या फाईलींची सूचना ठेवणार कोण?

म्हणजे फेऱ्याच बऱ्या होत्या?

फेऱ्या हव्यात, सूचनांसोबत. सूचनेमुळे काम लवकर होतं, फेरीमुळे काही सुटत नाही. सिंकथिंगही सूचना ऐकत असताना तासातून एकदा पूर्ण फोल्डर तपासून घेतो. प्रोग्रॅम सुरू होताना आधी पहारा बसवावा आणि मग फोल्डरमध्ये आधीपासून असलेल्या फाईलींची यादी करावी. हा क्रम उलटा केला तर यादी आणि पहारा यांच्या मधल्या क्षणी आलेली फाईल कायमची सुटते. सरळ क्रमात ती फार तर दोनदा दिसेल.

फेरीत नवी फाईल तारखेवरून ओळखू नका. हलवलेली फाईल आपली जुनी तारीख सोबत घेऊन येते, विंडोजमध्ये कॉपी केलेलीसुद्धा. आज आलेली फाईल दोन वर्षांपूर्वीची दिसते आणि 'मागच्या फेरीनंतरच्या फाईली' या चाळणीतून निसटते. फाईल हाताळली की नाही याची नोंद स्वतःच ठेवावी.

दोनदा दिसण्याची भीती नको, दोनदा काम होण्याची हवी. त्यासाठी काम सुरू करण्याआधी फाईल 'चालू' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवा. पुन्हा तोच रिनेम. दोन प्रोग्रॅम एकाच फाईलवर झडप घालत असले तरी सरकवणं एकालाच जमतं, दुसऱ्याला ती सापडतच नाही. काम झालं की 'झालेल्या'मध्ये टाका. वीज गेली तर 'चालू'मध्ये काय अडकलं ते दिसतं. आणि फाईलच्या ठशाची नोंद ठेवली असेल तर तीच फाईल नव्या नावाने पुन्हा आली तरी ओळखता येते.

प्रोग्रॅम लिहीत नाही त्यांनी काय करावं?

पहाऱ्यातल्या फोल्डरमध्ये बसून फाईल लिहू नका किंवा दुरुस्त करू नका. ती बाहेर तयार करा, बंद करा आणि शक्य असेल तर त्याच ड्राइव्हवरून हलवा. पेनड्राइव्हवरून थेट तिथे कॉपी करण्यापेक्षा आधी शेजारच्या फोल्डरमध्ये उतरवून मग सरकवणं चांगलं. डाउनलोडही त्या फोल्डरमध्ये थेट सेव्ह करू नका.

अशी व्यवस्था कुणाकडून करून घेत असाल तर स्वीकारण्याआधी एक चाचणी समोर बसून करा. एक मोठी फाईल नेटवर्कवरून त्या फोल्डरमध्ये पाठवायला सुरुवात करा आणि अर्ध्यात केबल काढा. दहा मिनिटं थांबा. मग प्रोग्रॅमने काय नोंद केली ते उघडून बघा. 'काम पूर्ण' असं लिहिलेलं दिसलं तर सही करू नका.